तक्रार नेमकी कुणाच्या टेबलावर? : पावसाळ्यातले वाचकांचे प्रश्न

पहिला मोठा पाऊस पडला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम वाढतात आणि विषय ठरलेले, खड्डे, तुंबलेली गटारं, वाकलेली झाडं, नळाला येणारं गढूळ पाणी. मी नोकरीची बरीच वर्षं रस्ते आणि गटारांच्याच कामात काढली त्यामुळे ही पत्रं मी अगदी मन लावून वाचतो. एक गोष्ट मात्र बहुतेक पत्रांत सारखी दिसते, लोक तक्रार करतात, मनापासून करतात, पण ती चुकीच्या खात्याकडे जाते किंवा जागेचा पत्ता अर्धवट असतो आणि मग ती तिथेच पडून राहते. म्हणून यावेळी उत्तरं देताना 'हे काम कुणाचं' यावर जरा जास्त लिहिलंय, चालवून घ्या.

प्रश्न : काका नमस्कार, आमच्या बिल्डिंगसमोर वळणावरच एक खड्डा आहे, दरवर्षी त्याच जागी पडतो. ऑनलाइन तक्रार टाकली तर दोन-तीन दिवसांत मेसेज आला की काम पूर्ण, आणि सोबतचा फोटो भलत्याच रस्त्याचा! परत तक्रार केली तर म्हणे हा रस्ता आमच्याकडे नाही. मग आहे तरी कुणाकडे? माझा मुलगा बाइकवरून इथूनच क्लासला जातो, तो घरी येईपर्यंत जीव टांगणीला असतो.
एक आई, पश्चिम उपनगर

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि खोट्या फोटोवर तक्रार बंद करणं हे चीड आणणारंच आहे, त्यात कुणाची बाजू घेण्यासारखं काही नाही.

आधी रस्ता कुणाचा ते बघू. मुंबईत सगळेच रस्ते महानगरपालिकेचे नाहीत. म्हाडाच्या वसाहतीतले आतले रस्ते बऱ्याचदा म्हाडाकडे असतात, बंदराच्या हद्दीतले पोर्टकडे, स्टेशनच्या आवारातले रेल्वेकडे, मेट्रोचं काम चालू असेल तिथे बॅरिकेडच्या आतली आणि लगतची जबाबदारी काम करणाऱ्या यंत्रणेकडे, आणि जुन्या लेआउटमधले काही रस्ते तर अजून खासगीच आहेत, म्हणजे ते पालिकेने ताब्यात घेतलेलेच नाहीत. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) होते, ते २०२२ मध्ये पालिकेकडे आले, तरी अजून लोक तिकडेच अर्ज पाठवतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे वॉर्ड ऑफिसमध्ये मेंटेनन्स खात्यात जाऊन तोंडी विचारा की हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे. तोंडी सांगितलं नाही तर माहिती अधिकारात एक अर्ज टाका, १० रुपयांचा खर्च आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. त्याच अर्जात आणखी एक विचारा, आणि हे फार महत्त्वाचं आहे, की या रस्त्याचं शेवटचं काम कधी झालं, कंत्राटदार कोण आणि हमी कालावधी कधीपर्यंत आहे. हमी कालावधीत खड्डा पडला तर तो कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने भरायचा असतो, त्यासाठी वेगळी निविदा लागत नाही आणि 'बजेट नाही' हे उत्तरही चालत नाही.

आता दरवर्षी त्याच जागी का पडतो. डांबराचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. वळणावर पाणी साचत असेल किंवा तिथे कधी केबलसाठी नाहीतर पाइपसाठी चर खणून वरवर बुजवला असेल, तर खालची माती खचते, वरच्या थराला चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं, खडी आणि डांबर एकमेकांना सोडतात आणि वरून बस-ट्रक गेले की ती खडी उडून जाते. नुसती खडी-माती टाकून वरून दाबलं की ते चार दिवस टिकतं. पावसात भरायचा असेल तर खड्डा आधी चौकोनी कापायचा, आतलं पाणी आणि सुटी खडी काढायची आणि मग मॅस्टिक, म्हणजे डांबराचं घट्ट मिश्रण, टाकायचं, ते गरम असतं आणि त्यातून पाणी झिरपत नाही म्हणून ते पावसाळ्यात जास्त टिकतं. कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता भरायचं तयार मिश्रण, वापरायला सोपं पण जड वाहतुकीच्या वळणावर ते मला कधीच पटलेलं नाही. आणि मूळ कारण म्हणजे साचणारं पाणी, त्याचा उतार आणि जवळच्या जाळीचं तोंड मोकळं नसेल तर काहीही भरा, पुढच्या जूनमध्ये खड्डा तिथेच.

तक्रार करताना नुसतं 'आमच्या रोडवर खड्डा' लिहू नका. जवळच्या दुकानाचं नाव, विजेच्या खांबाचा नंबर, लोकेशन आणि असा फोटो ज्यात खड्डा आणि मागची ओळखीची इमारत दोन्ही दिसतील. मग भलता फोटो लावून बंद केली तर ती परत उघडताना दोन्ही फोटो शेजारी ठेवून सहायक आयुक्तांच्या नावाने लेखी द्या आणि कॉपीवर आवक शिक्का घ्या. शिक्का विसरू नका.

अजून एक माहिती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिलाय की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. ही वेळ कुणावर येऊ नये हीच इच्छा, पण तुमच्या अर्जात या आदेशाचा एका ओळीत उल्लेख जरूर करा, कारण आधी लेखी कळवलं होतं हे कागदावर असणं खूप कामाला येतं.

प्रश्न : आमच्या इथे मे महिन्यात नालेसफाई झाली, मी स्वतः पाहिलं गाळ काढताना, तरी परवा दीड तासाच्या पावसात गुडघाभर पाणी. मग सफाईचा उपयोग काय? काही लोक म्हणतात भरती होती म्हणून, हे खरं की कारणं सांगतात?
दुकानदार, मध्य मुंबई

उत्तर : भरतीचं कारण खरं आहे, पण ते प्रत्येक वेळी लागू पडत नाही, म्हणून जरा नीट सांगतो.

मुंबई सात बेटं जोडून झाली, मधले खोलगट भाग भराव टाकून वर आणले. हिंदमातासारखा भाग बशीसारखा आहे, चहूकडचं पाणी तिथे उतरतं. शहराच्या जुन्या भागातल्या पर्जन्य जलवाहिन्या शंभर वर्षांहून जुन्या, आणि त्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बनवलेल्या. १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे या जलवाहिन्या सुधारायच्या योजनेचा, अहवाल आला, त्यात ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायची असं ठरलं, पण कामाला खरा वेग आला तो २६ जुलै २००५ नंतर, त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यानंतर हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं झाली. हिंदमाताचं पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्याही बांधल्या.

भरतीचं असं असतं की नाल्यांची समुद्राकडची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. समुद्र वर आला की दरवाजे बंद करावे लागतात, नाहीतर समुद्राचं पाणीच आत शिरेल. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असं जमलं की पाणी बाहेर पाठवायचा एकच मार्ग उरतो तो म्हणजे पंप. त्यामुळे तुम्ही एक करा, पाणी भरलं ती वेळ लिहून ठेवा आणि त्या दिवशीची भरतीची वेळ वर्तमानपत्रात किंवा हवामानाच्या बातमीत बघा. पाणी भरलं ओहोटीच्या वेळी आणि पाऊसही बेताचा असेल तर भरतीचं कारण तिथे लागू होत नाही, तिथे कुठेतरी अडलंय.

कुठे अडलंय ते बहुतेक वेळा मोठ्या नाल्यात नसतंच. लोक मोठा नाला बघतात, त्यात पोकलेन उतरलेला दिसतो, फोटो येतात. पण रस्त्यावरचं पाणी त्या नाल्यापर्यंत पोचतं ते रस्त्याच्या कडेच्या छोट्या गटारांतून आणि जाळ्यांतून, आणि ती गटारं पेव्हर ब्लॉक बसवताना सिमेंटने बुजलेली असतात, कुठे जाळी डांबराच्या थराखाली गेलेली असते, कुठे केबलच्या नळ्या आडव्या घातलेल्या असतात, त्यात पिशव्या अडकल्या की खेळ खलास. आणि काढलेला गाळ! तो काठावर वाळत ठेवतात, वेळेत उचलला नाही तर पहिल्याच सरीत परत आत. तुम्ही दुकानात दिवसभर असता तर हे तुम्हाला सगळ्यात चांगलं दिसेल. तुमच्या दुकानापासून नाल्यापर्यंत चालत जा, वाटेतल्या जाळ्या मोजा, कुठली बुजलीय ते लिहा आणि वॉर्डातल्या पर्जन्य जलवाहिनीवाल्या जेईंना (ज्युनियर इंजिनियर) तीच यादी द्या. 'पाणी तुंबतं' या तक्रारीवर इंजिनियर काही करू शकत नाही, 'अमुक बँकेसमोरची जाळी डांबराखाली गेलीय' यावर तो माणसं पाठवू शकतो.

हात जोडून एक सांगतो, पाणी भरलं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणी उघडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीव गेला, पाणी उतरावं म्हणून कुणीतरी झाकण काढलं होतं. त्यानंतर बऱ्याच मॅनहोलमध्ये आतून संरक्षक जाळ्या बसवल्या, पण सगळीकडे असतीलच असं धरून चालू नका. झाकण हललेलं दिसलं तर लगेच १९१६ या पालिकेच्या हेल्पलाइनला फोन करा आणि माणसं येईपर्यंत तिथे काहीतरी उभं करून ठेवा, झाडाची फांदी असली तरी चालेल.

प्रश्न : पाण्यातून चालत घरी आलो, पायाला छोटी जखम होती. घरचे घाबरलेत. काय करू?
दादर

उत्तर : साबणाने पाय धुवून आजच्या आज जवळच्या पालिका दवाखान्यात जा. साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या लघवीमार्फत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो आणि जखम असेल तर धोका जास्त. पाण्यात उतरल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यायची असते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांचं औषध वेगळं असतं. ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर थांबू नका.

प्रश्न : आमच्या चाळीत सकाळी पाणी आलं की पहिली दहा मिनिटं पिवळट आणि वास मारणारं येतं, नंतर साफ येतं. चावीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो लाइन जुनी आहे. पोरं सारखी आजारी पडतात हो.
एक गृहिणी, लालबाग-परळ भाग

उत्तर : वहिनी, चावीवाला बिचारा चुकीचं सांगत नाही, पण त्याच्या हातात फक्त व्हॉल्व्ह आहे.

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, रोज जवळपास ४ हजार दशलक्ष लिटर, आणि ते शुद्ध करूनच सोडतात. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा, म्हणजे पाणी आणायची सोय फार जुनी आणि गल्लीबोळातल्या काही लाइनीही तशाच जुन्या. पण आपल्याकडे चोवीस तास पाणी नसतं, ठरलेल्या वेळेला येतं. पाणी बंद असतं तेव्हा पाइपातला दाब जातो, आणि पाइपला कुठे भोक असेल आणि तो गटारातून किंवा गटाराच्या शेजारून जात असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. चावी उघडली की तेच सगळ्यात आधी तुमच्या नळाला येतं. तुम्ही सांगताय ती दहा मिनिटं म्हणजे हेच असण्याची शक्यता खूप आहे.

मोठ्या लाइनपासून तुमच्या चाळीपर्यंतची जी छोटी जोडणी असते तिची देखभाल सहसा इमारतीची म्हणजे मालकाची किंवा सोसायटीची असते. चाळीत घरगल्लीतून जाणारे लोखंडी पाइप गंजून चाळणी झालेले असतात, वरून कुणाला दिसतही नाहीत. म्हणून दोन्हीकडून शोध घ्यायला हवा. शेजारच्या दोन-तीन इमारतींत विचारा, त्यांनाही घाण येत असेल तर दोष मोठ्या लाइनीत, जलखात्याने शोधायचा. फक्त तुमच्याकडेच येत असेल तर तुमची जोडणी बघा, लायसन्सवाल्या प्लंबरकडून गटाराच्या बाहेरून नवीन घ्या. वॉर्डाच्या जलखात्याकडे लेखी द्या की पाणी तपासा, आणि नमुना पाणी आल्या आल्या पहिल्या मिनिटांतलाच घ्यायला लावा, अर्ध्या तासानंतर घेतलेला नमुना पासच होणार. ते लोक पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरिन बघतात, नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असायला हवं. अजिबात नसेल तर बाहेरची घाण मिसळतेय अशी दाट शंका घ्यायची.

तोपर्यंत पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते बाथरूमला, फरशीला वापरा. पोरांचं पाणी उकळून, उकळी फुटल्यावरही काही मिनिटं ठेवून मग गाळून द्या. तुरटीने पाणी नितळ दिसतं पण जंतू मरत नाहीत, हे आजूबाजूच्या बायकांनाही सांगा. मला या पत्राने फार अस्वस्थ केलं, कारण पोरांच्या जुलाबाला आपल्याकडे 'बाहेरचं खाल्लं' म्हणून सोडून देतात आणि पाइप तसाच राहतो.

प्रश्न : कमिटीने सोसायटीत कंपोस्टिंग सुरू केलं, आता वासाने तळमजल्यावाले भांडतायत आणि अळ्या झाल्यात. बंद करायचा ठराव येतोय. वाचवता येईल का?
सोसायटी सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : नक्की वाचवता येईल, आणि कृपा करून बंद करू नका. मुंबईचा रोजचा कचरा ६ हजार टनांच्या वर आहे. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, तिथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आणि शहरभर पसरलेला धूर आठवत असेल. तुमच्या मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं, तो वास मुलुंडकरांनी किती वर्षं सहन केला ते तुम्हाला मी सांगायला नको, आता तोच कचरा दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातो. ओला कचरा आवारातच जिरला तर गाडीत जाणारं वजन जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या संकुलांनी तो जागेवरच जिरवावा अशी अपेक्षा आहे.

वास येतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा पाणी जास्त आणि हवा कमी. भाजीची देठं, शिळी आमटी, चहाचा चोथा सगळं ओलंच, त्यात कोरडं काहीच नाही, मग ते सडतं. जेवढा ओला कचरा तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पाला घाला, आकारमानाने बघा, वजनाने नाही. तुमच्या आवारात आंबा, बदाम, गुलमोहर असेल तर माळीकाकांना सांगा पाला जाळायचा नाही आणि गाडीत द्यायचा नाही, गोणीत भरून ठेवायचा, पावसाळ्यात तोच सोन्यासारखा. पाला नसेल तर कोकोपीट किंवा सुताराकडचा भुसा, पण प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. दोन-तीन दिवसांतून एकदा ढवळायचं. मूठभर खत दाबून बघा, हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब गळता कामा नये. आंबट ताक किंवा जुनं तयार खत मुरवणासारखं मिसळलं की लवकर काम करतं.

घरोघरी एक सूचना द्या की आमटी-रस्सा गाळून चोथाच द्या. मासळीचं पोट-खवलं, कोंबडीची हाडं सुरुवातीचे काही महिने वेगळीच ठेवा, घडी नीट बसली की मग थोडं थोडं मधोमध पुरून वर पाल्याचा जाड थर द्या, मासे खाणाऱ्यांना एकदम 'तुमचा कचरा चालणार नाही' असं सांगितलं की सोसायटीत वेगळीच भांडणं लागतात आणि ती खताच्या वासापेक्षा वाईट. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या, त्या वर्षभर तशाच राहतात. अळ्यांचं म्हणाल तर करड्या रंगाच्या जाडसर अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. पाला वाढवला की त्या आपोआप कमी होतात.

तळमजल्यावाल्यांना मात्र समजून घ्या. वास त्यांनाच येतो, फायदा सगळ्यांचा. ड्रम त्यांच्या खिडकीपासून हलवा आणि महिनाभराची मुदत मागून घ्या. दीड-दोन महिन्यांनी जे काळं भुसभुशीत खत निघेल ते पहिल्यांदा त्यांच्याच कुंड्यांना द्या.

प्रश्न : गेटजवळचा मोठा रेन ट्री बिल्डिंगवर वाकलाय. आम्हीच माणूस आणून फांद्या तोडल्या तर चालेल?
एक वाचक, माटुंगा

उत्तर : नाही, परवानगीशिवाय नको. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे झाड आवारातलं असलं तरी ते तोडायला आणि छाटायलाही परवानगी लागते. वॉर्डाच्या उद्यान खात्यात अर्ज द्या, ते येऊन पाहणी करतात. ५० वर्षांहून जुनं असेल तर २०२१ च्या सुधारणेनुसार ते वारसा वृक्ष धरलं जातं, त्याची प्रक्रिया आणखी काटेकोर. छाटणी एका बाजूची करू देऊ नका, तोल जातो आणि पुढच्या वादळात झाड दुसऱ्या बाजूला पडतं. आणि बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर आधी ते फोडून काढा, निदान मीटरभर माती मोकळी हवी. मुंबईत पावसाळ्यात कोसळणाऱ्या झाडांची मुळं बघा, कित्येकांना श्वास घ्यायलाच जागा ठेवलेली नसते. झाड आजच पडेल असं वाटत असेल तर मात्र अर्जाची वाट बघू नका, १९१६.

प्रश्न : रात्री दोन-तीनच्या सुमारास डंपर येऊन खाडीकाठी डेब्रिज टाकून जातात, खारफुटी हळूहळू मरतेय. आम्ही मच्छीमार, तिथेच आमची बोटी लावायची जागा. तक्रार करायला भीती वाटते.
उत्तर उपनगर

उत्तर : भीती वाटणं साहजिक आहे, गाडी अडवायला जाऊ नका, त्यात जिवाला धोका आहे. खारफुटी वाचवायचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिले आणि २०१८ मध्ये ते पक्के केले, खारफुटीपासून ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे, तिथे भराव टाकता येत नाही. २०१२ पासून वन खात्याचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष याच कामासाठी आहे. एकट्याच्या नावाने तक्रार न करता तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, कांदळवन कक्ष, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी आणि पोलीस ठाणे तिघांना एकाच दिवशी. लांबून, घरातून काढलेला फोटो चालतो, गाडीचा नंबर दिसला तर उत्तमच, आणि जागेचे दर महिन्याचे फोटो एकाच ठिकाणी उभं राहून काढून ठेवा म्हणजे भराव कसा पुढे सरकतोय ते कुणालाही दिसेल.

खारफुटीच्या मुळांत हवा घेणारी टोकं चिखलाच्या वर येतात, त्यावर दगडमाती पडली की झाड गुदमरतं, म्हणून वरून हिरवं दिसत असलं तरी आतून मरायला लागलेलं असतं. कोळंबी-निवट्यांची पिल्लं तिथेच वाढतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, अर्जात ते तुमच्या शब्दांत लिहा. आणि शहरात घराचं काम काढणाऱ्या सगळ्यांना विनंती, टाइल्स फोडल्यावर ठेकेदार 'मी बघतो डेब्रिजचं' म्हणतो तेव्हा कुठे टाकणार ते विचारा. पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, वॉर्डाच्या घनकचरा खात्यात चौकशी करा.

प्रश्न : माझा भाऊ गावाकडे नगरपरिषद असलेल्या छोट्या शहरात असतो. तिथे १९१६ वगैरे काही नाही, वॉर्ड ऑफिस नाही. त्याने कुठे जायचं?
चारकोप

उत्तर : त्याचं एका अर्थी सोपं आहे. नगरपरिषदेत मुख्याधिकारी हा प्रशासनाचा प्रमुख, त्याच्याखाली बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य-स्वच्छता असे विभाग, बहुतेक एकाच इमारतीत. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आणि आवक शिक्का, बस. नगरसेवक ओळखीचा असतो, त्यालाही कॉपी द्यावी. अडचण अशी की एकाच इंजिनियरकडे रस्ते, गटार, पाणी सगळंच असतं, म्हणून जागेची नेमकी माहिती तिथेही तेवढीच गरजेची. शहरातून जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा पीडब्ल्यूडीचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो, त्यावरच्या खड्ड्यासाठी नगरपरिषदेत चकरा मारून उपयोग नाही, हे भावाला आधीच सांगा. उत्तर आलं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेत जाता येतं.

प्रश्न : काका, मी एफवायला आहे. आमच्या गल्लीतले सफाई कामगार या पावसात ग्लव्ह्जशिवाय कचरा उचलतात, परवा एकाचा हात काचेने कापला. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सेप्टिक टँकसाठी दोन मुलं आणली होती, ती नुसती चड्डीवर आत उतरायला निघालेली. मला फार वाईट वाटलं पण काय करावं कळलं नाही.
एक विद्यार्थिनी, मालाड

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी शेवटी ठेवलं कारण यावर मला नीट लिहायचं होतं.

सेप्टिक टँकचं आधी. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उतरवणारी सोसायटी असली तरी सुटका नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा बातम्या तू वाचल्या असशील, त्या सगळ्या अशाच घडतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. टाकी साफ करायला सक्शनची गाडी मिळते, नळी आत सोडतात, माणूस बाहेरच राहतो. पुन्हा कुणी उतरताना दिसलं तर थेट सांग की थांबा, आणि १४४२० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर यासाठीच आहे. तू लहान आहेस म्हणून कुणी गप्प केलं तर घरातल्या मोठ्यांना सोबत घे, पण त्या क्षणी थांबवणं महत्त्वाचं, ठराव-बिराव नंतर.

हात कापला त्याचं. काच फुटली की आपण ती तशीच पिशवीत टाकतो. जाड पुठ्ठ्यात नाहीतर जुन्या वर्तमानपत्राच्या बऱ्याच घड्यांत गुंडाळून, दोरी बांधून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण कर, सुया आणि ब्लेड झाकणाच्या बाटलीत. ओला-सुका एकत्र दिला की त्यांना तो हाताने उचकून वेगळा करावा लागतो, म्हणजे तो हात आपल्यामुळेच घाणीत जातो. त्यातले कित्येक जण कंत्राटी आहेत, त्यांना ग्लव्ह्ज, गमबूट, रेनकोट द्यायची जबाबदारी कंत्राटदाराची असते आणि ती पार पाडली जातेय का हे बघणं घनकचरा खात्याचं काम. तुमच्या गल्लीच्या मुकादमाला भेट, न भांडता विचार की यांना साहित्य मिळालंय का. नसेल तर वॉर्डाच्या घनकचरा खात्याच्या सहायक अभियंत्यांना लेखी कळव, पण पत्रात कामगाराचं नाव घालू नकोस, त्याची नोकरी जाऊ शकते.

१९९७ मध्ये घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करणं आणि गल्लीची देखभाल अशी सुरुवात केली होती, त्यातूनच पुढे एएलएम म्हणजे रहिवाशांच्या स्थानिक गटांची योजना मुंबईभर गेली. तुमच्या गल्लीचा असा गट आहे का ते वॉर्ड ऑफिसमध्ये विचार, असेल तर पुढच्या मीटिंगला जा आणि काचेचा विषय तूच मांड. आणि तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी एवढंच विचार की पुढच्या वेळी टाकीसाठी सक्शनची गाडी कुणाकडून मागवणार आहात, त्याचा नंबर नोटीस बोर्डवर लावाल का.